जुन्या सेस्नाचं खरं वजन: वजन-तोलाची नोंद नव्याने कशी उभी करायची

विमान १९७४ सालचं, सेस्ना १७२-एम. इथे अमेरिकेत चौघा मराठी मित्रांनी पैसे एकत्र करून घेतलेलं. खरेदीच्या कागदांत वजनाचा कागद निघाला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. वर कारखान्याने टाइप केलेला आकडा, खाली वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या पाच ओळी आणि शेवटी १३५७ पौंड. शेवटची ओळ १९९६ ची. त्यानंतर विमानाला रंग लागला, रेडिओ बदलले, नवा ट्रान्सपाँडर बसला. कागदावर त्यातलं काहीच नाही.

विमान काट्यावर चढवलं तेव्हा कागदापेक्षा ६० पौंड जास्त भरलं. म्हणजे २७ किलो. चौघांपैकी कोणीही त्या दिवसापर्यंत भार मोजताना चूक केली नव्हती. त्यांची बेरीज बरोबर होती, पण ती ज्या आकड्यावर उभी होती तोच खोटा होता. म्हणून माझं ठाम मत आहे: जुनं विमान हातात आलं की आधीच्या नोंदीत भर घालत बसू नका. विमान काट्यावर चढवा आणि नोंद पहिल्यापासून लिहा.

मी हे काम महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये शिकलो आणि आता इथे परवानाधारक मेकॅनिक म्हणून करतो. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत खासगी वापराच्या अशा विमानाला ठरावीक वर्षांनी पुन्हा वजन करण्याची सक्ती नाही, त्यामुळेच कागद तीस-तीस वर्षं तसाच पुढे सरकतो. भारतात व्हीटी नोंदणीच्या विमानासाठी डीजीसीएची चौकट पाळावी लागते, तेव्हा तिथल्या वाचकांनी आपल्या देखभाल संस्थेला विचारूनच हात घालावा. काटा, ओळंबा आणि गुणाकार मात्र दोन्हीकडे तेच.

आधी कागद गोळा करा

वजनाच्या दिवसाआधी निदान एक आठवडा कागदांना द्या. सगळ्यांत आधी विमानाची टाइप सर्टिफिकेट डेटा शीट मिळवा. सेस्ना १७२ साठी तिचा क्रमांक ३ए१२. मोजमाप जिथून सुरू होतं ती संदर्भजागा म्हणजे डेटम, कमाल वजन, सीजीच्या म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मर्यादा, विमान समतल कुठे धरायचं आणि रिकाम्या वजनात काय काय धरायचं, हे सगळं तिच्यात असतं. एका मॉडेलचे आकडे दुसऱ्याला लावू नका. १७२ ची कितीतरी मॉडेल्स आहेत आणि कमाल वजन सगळ्यांचं सारखं नाही.

मग इतिहास. नोंदणी क्रमांक देऊन एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी शाखेकडून त्या विमानाची संपूर्ण फाइल मागवता येते. मोठ्या दुरुस्त्यांचे आणि बदलांचे फॉर्म ३३७ तिच्यात असतात. मालकाकडे नसलेला कागद तिथे सापडल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. विमानाचा सिरियल क्रमांक देऊन निर्मात्याकडेही मूळ वजनपत्रक आणि उपकरणयादी मागून पाहा.

लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचा. ‘रेडिओ काढला’, ‘बॅटरी बदलली’, ‘रंगकाम केलं’ अशी प्रत्येक नोंद तारखेसह वेगळ्या वहीत उतरवा.

मग विमान आणि यादी समोरासमोर

उपकरणयादी हातात घ्या आणि विमानाच्या पुढच्या टोकापासून शेपटापर्यंत जा. यादीतली वस्तू विमानात आहे का आणि विमानातली वस्तू यादीत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

या विमानात यादीप्रमाणे एडीएफ, म्हणजे दिशा दाखवणारा रेडिओ होता. पॅनेलमध्ये त्याच्या जागी कोरी पट्टी होती. खाली वाकून बॅटरी मारली तर तारांची जुडी तशीच लोंबत होती, टोकं काळ्या टेपने गुंडाळलेली. छताखालून शेपटाकडे जाणारी केबलही जागेवर. रेडिओ गेला, पण त्याचं निम्मं सामान विमानातच राहिलं होतं. सामानकप्प्यामागचा पडदा काढला तर आतली काचलोकर हाताला ओली लागली. खिडकीच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी तिने किती वर्षं धरून ठेवलं होतं कोण जाणे. ती काढून टाकली, सांधा बंद केला, त्वचेला गंज नाही ना हे पाहिलं आणि मगच पुढे गेलो. वजन करण्याआधीची ही झडती मला खुद्द वजनाइतकीच मोलाची वाटते.

मेलेल्या तारा, सुटे नट, सीटखालची नाणी, उंदरांची घरटी, हँगरचं सामान, सगळं बाहेर. विमान धुवा आणि पूर्ण वाळू द्या. सीट, पट्टे, अग्निशामक अशा कायम राहणाऱ्या वस्तू त्यांच्या जागी हव्यात. ओढायचा दांडा, नकाशे, तेलाचे डबे रिकाम्या वजनात नकोत.

‘रिकामं’ म्हणजे नक्की काय

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. जुन्या विमानांच्या रिकाम्या वजनात न वापरता येणारं इंधन धरलेलं असतं, पण इंजिनचं तेल नसतं. फक्त निथळून न जाणारं तेल धरतात. पुढे प्रमाणनाचे नियम बदलले आणि नव्या विमानांच्या मूळ रिकाम्या वजनात भरलेलं तेलही आलं. आमच्या विमानाची तेलाची क्षमता ८ क्वार्ट, म्हणजे १५ पौंड. जुन्या कागदावरचं वजन तेलाविना आणि तुमचं नवं वजन तेलासह असेल तर १५ पौंडांचा फरक नुसत्या व्याख्येचा आहे, विमान तेवढं जड झालेलं नाही.

उलटी चूक जास्त त्रासदायक. मॅन्युअलमधल्या भारतक्त्यात तेलाची ओळ स्वतंत्र आहे आणि तुम्ही रिकाम्या वजनातही तेल धरलंत, तर ते दोनदा मोजलं जातं. तेल फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॅबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, पुढे असल्यामुळे कागदावरचा सीजी खऱ्यापेक्षा पुढे दिसतो. म्हणून नव्या कागदावर ‘न वापरता येणारं इंधन धरून, तेलाविना’ असं पूर्ण वाक्य लिहा.

वजनाचा दिवस

इंधन काढून टाका. टाक्या पूर्ण भरून वजन करून इंधन वजा करण्याचीही पद्धत आहे, पण इंधनाची घनता तापमानाप्रमाणे बदलते आणि टाकी खरंच किती भरली याची खात्री नसते. मी काढूनच घेतो. हे काम हँगरबाहेर, विमान आणि भांडं बाँडिंगच्या तारेने जोडून, अग्निशामक हाताशी ठेवून करायचं. टाक्यांच्या तळाच्या निचऱ्याच्या झडपा आणि इंधनवाहिनीचा सर्वांत खालचा प्लग काढून शेवटपर्यंत निथळू द्यायचं. इंजिनचं तेलही तसंच काढायचं.

टायरमध्ये ठरलेला दाब, फ्लॅप पूर्ण वर, सगळी नियंत्रणपृष्ठं मध्यावर, पुढच्या सीटा पूर्ण पुढे. विमान बंद हँगरमध्ये घ्या आणि दारं लावा. एकदा उकाडा म्हणून आम्ही दार अर्धं उघडं ठेवलं होतं. झुळूक आली की काट्यावरचा आकडा हलायचा, आणि आम्ही तासभर काट्यातच दोष शोधत होतो. विमान उभं असतानाही पंख वाऱ्यावर थोडी उचल घेतोच.

काटे तीन लागतात. त्यांच्या तपासणीचं प्रमाणपत्र मुदतीत आहे ना पाहा आणि त्याची प्रत नव्या कागदांना जोडा. काटे हँगरमध्ये आधी काही वेळ चालू ठेवा, शून्यावर आणा, मग विमान चढवा. ब्रेक सोडलेले हवेत. नाहीतर चाक काट्यावर आडवा जोर देत राहतं. चाक घरंगळू नये म्हणून लावलेले ठोकळे काट्यावरच असतील तर वाण्याच्या दुकानात भांड्याचा धडा करतात तसं त्यांचं वजन वेगळं करून वजा करायचं.

आता विमान समतल. १७२ मध्ये शेपटाच्या नळकांड्याच्या डाव्या बाजूला समतल पाहण्याचे दोन स्क्रू असतात. त्यांच्यावर पाणसळ धरायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पुढच्या चाकाची हवा किंवा पुढच्या स्ट्रटची उंची कमी-जास्त करायची. आडवं समतलही तपासा. विमान नाक वर करून उभं राहिलं तर तिन्ही काट्यांची बेरीज बरोबर येईल, पण वाटणी चुकेल, आणि सीजी वाटणीवरूनच काढायचा असतो.

आकडे तीनदा घ्या. दर वेळी विमान खाली उतरवून पुन्हा चढवा. आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

ओळंबा आणि खडू

वजनापेक्षा मापात जास्त चुका होतात. पुढच्या काट्यावर ५ पौंडांची चूक झाली तर या विमानाचा सीजी साधारण ०.१७ इंच सरकतो. पण फायरवॉलपासूनचं माप अर्धा इंच चुकलं तर सीजी पुरता अर्धा इंच चुकतो.

१७२-एमचा डेटम म्हणजे फायरवॉलच्या पुढच्या पृष्ठभागाचा खालचा भाग. तिथून ओळंबा सोडा, तो स्थिर झाला की जमिनीवर खडूने बारीक फुली मारा. दोन्ही मुख्य चाकांच्या आसाच्या केंद्रातून आणि पुढच्या चाकाच्या आसाच्या दोन्ही बाजूंनी तसंच करा. मग विमान मागे ढकलून बाजूला घ्या आणि रिकाम्या जमिनीवर फुल्यांमधली अंतरं मोजा. पोटाखाली वाकून टेप ताणण्यापेक्षा हे कितीतरी अचूक. मुख्य चाकांच्या फुल्या दोरीने जोडायच्या आणि त्या रेषेपासून दोन मापं घ्यायची, दोन्ही विमानाच्या मध्यरेषेला समांतर: फायरवॉलच्या फुलीपर्यंतचं अंतर ‘अ’ आणि पुढच्या चाकापर्यंतचं अंतर ‘ब’. ‘ब’ दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी घ्या. मॅन्युअलमधलं नमुना-माप उचलून लिहू नका. पन्नास वर्षांत लँडिंग गिअरच्या पट्ट्या थोड्या पसरलेल्या असू शकतात.

आकडे

डावं चाक ५०२, ठोकळे ४, निव्वळ ४९८.
उजवं चाक ४९७, ठोकळे ४, निव्वळ ४९३.
पुढचं चाक ४०८, ठोकळे ६, निव्वळ ४०२.
एकूण १३९३ पौंड.

‘अ’ ५८.१ इंच, ‘ब’ ६४.९ इंच. डेटम मुख्य चाकांच्या पुढे आणि विमान पुढच्या चाकाचं, म्हणून सूत्र असं: पुढच्या चाकाचं वजन गुणिले ‘ब’, भागिले एकूण वजन, आणि आलेलं उत्तर ‘अ’ मधून वजा. ४०२ × ६४.९ ÷ १३९३ = १८.७३. म्हणून सीजी ५८.१ − १८.७३ = ३९.३७ इंच. मोमेंट, म्हणजे वजन गुणिले डेटमपासूनचं अंतर, ५४,८४३.५ पौंड-इंच.

शेपटाला चाक असलेल्या विमानात डेटम मुख्य चाकांच्या पुढे असेल तर शेपटाच्या चाकाचं वजन वापरून तेवढं अंतर मिळवायचं असतं, वजा करायचं नसतं. तिथे शेपूट उचलून उंच घोडीवर ठेवावं लागतं. त्या घोडीचा धडा करायला विसरू नका, कारण शेपटावरचं वजन मुळात थोडं असतं.

आता न वापरता येणारं इंधन: ४ गॅलन, २४ पौंड, आर्म म्हणजे डेटमपासूनचं अंतर ४६ इंच, मोमेंट १,१०४. बेरीज १४१७ पौंड, मोमेंट ५५,९४७.५, सीजी ३९.४८. जुन्या १३५७ शी तुलना करायची ती याच आकड्याची, म्हणून फरक ६० पौंडांचा. तेलाचे १५ पौंड उणे १४ इंचांवर मिळवले की १४३२ पौंड, मोमेंट ५५,७३७.५, सीजी ३८.९२. कमाल वजन २३०० पौंड. म्हणजे इंधन, माणसं आणि सामान यांना मिळून ८६८ पौंड उरतात. वापरायचं ३८ गॅलन इंधन पूर्ण भरलं तर २२८ पौंड गेले. माणसं आणि सामान यांना ६४० पौंड, साधारण २९० किलो. चार पूर्ण वाढीची माणसं आणि भरलेल्या टाक्या एकत्र नेणं जवळजवळ संपलं.

टोकाची भरणी तपासा

बरेच जण रिकाम्या वजनावर थांबतात. खरं कळतं ते पुढे. या मॉडेलची सीजीची मागची मर्यादा ४७.३ इंच. पुढची मर्यादा १९५० पौंडांपर्यंत ३५ इंच, आणि तिथून सरळ रेषेत २३०० पौंडांना ३८.५ इंच.

पुढचं टोक: १७० पौंडांची दोन माणसं, सीट पूर्ण पुढे, आर्म ३४. कमीत कमी इंधन अश्वशक्तीवरून काढतात: १५० भागिले १२, म्हणजे साडेबारा गॅलन, ७५ पौंड, आर्म ४८. एकूण १८४७ पौंड, सीजी ३८.३९. ३५ च्या बराच मागे, काळजी नाही.

मागचं टोक: पुढे एकटा वैमानिक, १७० पौंड, आर्म ३७. मागे दोघे, ३४० पौंड, आर्म ७३. सामान १२० पौंड, आर्म ९५. इंधन पूर्ण, कारण त्याचा ४८ चा आर्म मागच्या मर्यादेच्याही थोडा मागे आहे आणि इथे तेच प्रतिकूल ठरतं. वजन २२९० पौंड, मर्यादेच्या आत १० पौंड राखून. मोमेंट १,०९,१९१.५. सीजी ४७.६८. मर्यादेच्या बाहेर.

हा आकडा मी चौघांना हँगरमधल्या फळ्यावर काढून दाखवला. वजन बसतं आणि तोल बसत नाही. सीजी मागे गेलं की नाक वर झुकायला सोपं होतं, स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली आणणं अवघड. असं विमान जमिनीवर असताना काहीच सांगत नाही. उपाय सोपा निघाला: मागच्या दोघांपैकी एकाने पुढे बसायचं. तेवढ्याने सीजी ४५.०१ वर येतो. दोघांना मागेच बसायचं असेल तर सामान १०० पौंडांवर थांबवायचं. तेव्हा ४७.२७ येतं, जेमतेम आत. ही सूचना स्पष्ट शब्दांत भारतक्त्यावर लिहिली.

पुढचे बदल आणि चिन्हं

नवी नोंद झाली की पुढची प्रत्येक वस्तू तिच्यात जमा-खर्चाने जाते. काढलेल्या वस्तूचं वजन उणे, फायरवॉलच्या पुढचा आर्मही उणे, आणि उणे गुणिले उणे अधिक. समजा, इंजिनवरून ८ पौंडांची वस्तू काढली, आर्म उणे २०. मोमेंटमध्ये १६० मिळवायचे. पुढून वजन गेलं तर सीजी मागे सरकणारच, हे मनाशी आधी ठरवा आणि मग गुणाकाराचं चिन्ह त्याच्याशी ताडून पाहा. जुन्या कागदावरच्या पाच ओळींपैकी एका ओळीत हेच चिन्ह उलटं पडलेलं होतं.

नवी वस्तू बसवायच्या आधी ती स्वतःच्या काट्यावर तोला. जाहिरातीतल्या वजनात चौकट, तारा, अँटेना बहुधा नसतात. शेपटात बसणाऱ्या वस्तूंकडे जास्त लक्ष द्या. वजन नगण्य वाटतं, आर्म मोठा असतो.

एककांबद्दल भारतातल्या वाचकांना खास सांगतो. मॅन्युअल पौंड, इंच आणि गॅलनमध्ये, इंधनाची गाडी लिटरमध्ये, माणसं किलोमध्ये. ३८ गॅलन म्हणजे १४४ लिटर, लिटरला ०.७२ किलो धरून सुमारे १०४ किलो. एका कागदावर एकच एकक ठेवा आणि ते प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर लिहा.

कागद बंद करताना

नव्या पत्रकावर विमानाचा नोंदणी आणि सिरियल क्रमांक, तारीख, काट्यांचे क्रमांक, कच्चे आकडे, ठोकळ्यांचं वजन, ‘अ’ आणि ‘ब’, इंधन-तेलाची स्थिती, पूर्ण आकडेमोड, वजन करणाऱ्याची सही आणि परवाना क्रमांक. नुसतं उत्तर लिहू नका. वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला शंका आली तर त्याला कच्च्या आकड्यांपासून पुन्हा मोजता आलं पाहिजे. त्याच तारखेची नवी उपकरणयादी सोबत लावा. तिच्याशिवाय वजन कोणत्या विमानाचं हेच कळत नाही. लॉगबुकात नोंद करा.

जुना कागद फाडू नका. त्यावर आडवी रेघ मारून ‘या तारखेपासून रद्द, नवी नोंद पाहा’ असं लिहा, सही करा आणि तो कायमच्या फायलीत ठेवा. विमानात मात्र एकच पत्रक राहू द्या. चौघांच्या फोनमध्ये भार मोजायची ॲप होती आणि चारही ठिकाणी १३५७ भरलेलं होतं. हँगरमधून निघण्याआधी चौघांनाही फोन काढायला लावले आणि समोर उभं राहून प्रत्येकाचा आकडा बदलून घेतला.